वहिनीची जीन्स

जुन्या चादरीची कच्ची जीन्स घालून वहिनी माझ्यासमोर उभी होती. डेनिमला कात्री लावण्याआधी मी तिच्या अंगावर माप पाहत होते. मांड्यांवर कापड नीट बसलं होतं, पण कमरेला मागे मूठभर सुटलं होतं. दुकानातल्या प्रत्येक जीन्सचं तिच्या अंगावर हेच व्हायचं.

"मीच जरा बारीक व्हायला हवं," ती म्हणाली.

"तू कशाला? कापड करू की कमी," म्हणत मी मागे दोन्हीकडे टाचण्या लावल्या. कमरपट्टाही सरळ न ठेवता थोडा गोलाईत कापायचा ठरवला.

साडी कोणाला माप विचारत नाही, नेसणारीच्या अंगाप्रमाणे वळते. तयार कपडे मात्र अंग आधीच ठरवून येतात, आणि त्यात न बसणाऱ्या बाईला आपलंच काही चुकलं असं वाटत राहतं. चादरीची ती कच्ची जीन्स उसवताना हेच माझ्या मनात घोळत होतं.

रविवारी जीन्स शिवून झाली. वहिनीने ती घातली, जमिनीवर मांडी घालून बसून पाहिलं आणि ती उठली. कमरेला कापड कुठेच सुटलं नव्हतं.

"कोथिंबीर घेऊन येते," म्हणत तिने चपला पायात सरकवल्या.

बऱ्याच वेळाने, सगळा बाजार फिरून ती परत आली. कोथिंबीर आणायची राहूनच गेली होती.