दोरीचा खराद

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एक चिलीम. तीही अर्धी. गोदावरी खरादाची दोरी ओढत होती, मी फिरत्या लाकडाला पटाशी लावत होतो. मध्येच ती थांबली. "आवो, हात चालंना. ऱ्हायलेलं सकाळी करू."

मी म्हणालो, "आळशी झालीस." ती हसली आणि चुलीकडं गेली. सकाळ काही तिला दिसली नाही.

गोदावरी माझी बायको. माहेर मुदखेडचं. तंबाखूला कधी शिवली नाही, पण तयार झालेली प्रत्येक चिलीम मुठीत धरून फुंकायची. दुसऱ्या टोकाला तळहात धरायची. हाताला वारा लागला तरच चिलीम टोपलीत, नाहीतर परत माझ्यापुढं. "वढणाऱ्याला छाती हाय, लोहाराचा भाता न्हाई," म्हणायची.

खराद घेतला तो लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा. शिरूर अनंतपाळजवळ आमचं गाव. दुष्काळानं रानात काम ठेवलं नव्हतं. बाभळी उभ्या वाळल्या होत्या, लाकूड तेवढं मुबलक. माहेरी शेजारी खरादावर लाकूड कातणारा एक कातारी राहायचा, त्याचं बघितलेलं तिच्या डोक्यात होतं. चिलमी करायचं तिनंच काढलं.

लातूरच्या दुकानात दोन खराद होते. दुकानदार म्हणाला, "मामा, नवशिक्याला मोटारीचाच बरा. एकटा माणूस चालवतो. दोरीच्याला दोघं लागतात."

गोदावरीनं दोरी दोनदा ओढून बघितली. "ह्योच द्या. जिल्हा लातूरला आलाय, करंट आमच्या गावाला यायचाय अजून." दुकानदार खो खो हसला.

बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाली, "मोटार घेतली असती तर मी काय केलं असतं? तुमचं थोबाड बघत बसले असते?"

मला लई बरं वाटलं. तिथंच चुकलो.

दोरीच्या खरादाला एक लय असते. तिनं ओढलं की पटाशी टेकवायची, दोरी उलटी गेली की उचलायची. सुरुवातीला माझं चुकायचं, लाकूड तडकायचं. "माझ्या हाताकडं बघा, लाकडाकडं नगा बघू," ती ओरडायची. मी शिकलो. तिच्या हाताकडंच बघत राहिलो, तोंडाकडं बघितलं नाही.

दुसऱ्या वर्षीही पाऊस नाही. करंट मात्र गावात आला. तिची छाती दुखायला लागली होती. तेल चोळून घ्यायची, म्हणायची, "वारा धरलाय, दुसरं काय न्हाई." मी एकदाच बोललो, "मोटारीचा आणू का?" "म्हंजी मला कामावरनं काढता व्हय?" म्हणाली. मी पुन्हा विचारलं नाही. खरं सांगतो, तिच्यासाठी नाही. माझा हात तिच्या ओढीला बसला होता, मला नवं शिकायचा कंटाळा होता.

त्या सकाळी मी आधी उठलो. अर्धी चिलीम खरादाला तशीच होती. पटाशीला धार लावली, पाटावर बसलो. ऊन दारातून आत आलं.

"गोदे, ऊठ की."

पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा शिवी दिली. मग उठून तिच्या गोधडीपाशी गेलो. खाली बसलो आणि तिच्या नाकाशी तळहात धरला. बराच वेळ धरून ठेवला.