अस्तर लावलेले व्हॉल्व्ह

वर्तमानपत्रातली नोकरी संपल्यावर मी धायरीतल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात निर्यातीची कागदपत्रं बघू लागलो. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, बारा कामगार आणि एक केबिन. मालक गावातलेच. शेतजमीन बिल्डरला गेली तेव्हा शेडपुरती जागा त्यांनी राखून ठेवली होती. परदेशी गिऱ्हाईक एकच, पण निम्म्याहून जास्त काम त्याचंच.

कागदपत्रांची रीत ठरलेली होती. मागच्या मालाची फाइल उघडायची, तारीख आणि नग बदलायचे, नव्या नावानं सेव्ह करायची. मालाचा कस्टम्ससाठीचा आठ आकडी कोड, वर्णन, माल परवान्याच्या यादीत नाही असं घोषणापत्र, सगळं तसंच पुढे जायचं. मूळ कोड कुणी काढला हे कुणाला आठवत नव्हतं. मीही तीन वर्षं तेच करत आलो.

या वर्षी गिऱ्हाइकानं नेहमीचे व्हॉल्व्ह न मागवता अस्तर लावलेले मागवले. ॲसिडनं धातू खाल्ला जाऊ नये म्हणून आतून फ्लोरोपॉलिमरचा, म्हणजे टेफ्लॉनच्या जातीच्या प्लास्टिकचा, पांढरा थर. ऑर्डर मी नोंदवली, फाइल सेव्ह केली.

माल निघण्याच्या दिवशी दुपारी शेडसमोर ट्रक लागला होता, पेट्या चढत होत्या. घोषणापत्रावर सही करण्याआधी मी त्यात उल्लेख असलेली सरकारी यादी पहिल्यांदाच उघडून वाचली. परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवता न येणाऱ्या वस्तूंची यादी. त्यात व्हॉल्व्ह होते. सगळे नव्हेत, ज्यांच्या आत द्रवाला लागणारा भाग अशा अस्तराचा आहे ते, ठरावीक मापाच्या वरचे. रासायनिक शस्त्रं बनवणाऱ्यालाही ते उपयोगी पडतात, म्हणून अट. मी ड्रॉइंग काढून माप ताडून पाहिलं. आमचे त्यात बसत होते.

कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटला फोन केला.

"अहो, कोड बरोबर आहे ना? मग झालं."

"कोड बरोबरच आहे. यादी नुसत्या कोडवर चालत नाही. आत काय लावलंय ते बघते."

"आजवर कुणी अडवलंय तुम्हाला? तुम्ही पेपरवाले उगाच खणत बसता."

कोड चुकला असता तर दुरुस्त करून ट्रक सोडता आला असता.

मालक बाहेर आले. मी सांगितलं.

"परवान्याला किती दिवस?"

"काही महिने. शिवाय माल कुठं आणि कशाला वापरणार हे गिऱ्हाइकानं लिहून द्यायला हवं."

"आन् नाय दिलं तर?"

"तर माल जात नाही."

"सर, हे तुमाला आज दिसलं व्हय? ऑर्डर घेतली तवा कुठं होता?"

मी ड्रॉइंग त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते बाजूला सारलं.

"सही मी केली तर?"

"तुम्हाला करता येईल. मी करणार नाही."

ते ट्रककडे गेले. वरून फोरमननं विचारलं, "मालक, दोरी बांधू का सोडू?"

"उतरवा."

"उतरवायचंच होतं तर चढवलं कशाला? हवा खायला?" ड्रायव्हर म्हणाला. उतरवायला तासाच्या वर लागला.

सोमवारी गिऱ्हाइकाला पत्र गेलं. गुरुवारी दोन ओळींचं उत्तर आलं. असं काही लिहून देणं त्यांच्या पद्धतीत बसत नव्हतं. पुढची खरेदी ते दुसरीकडून करणार होते. महिन्याभरात दुसरी पाळी बंद झाली. चार जण गेले, त्यात फोरमन होता.

मग एका सकाळी मालकांनी कारखान्यातली सगळी ड्रॉइंग माझ्या टेबलावर आणून टाकली आणि समोर खुर्ची ओढून बसले.

"ह्ये सगळं बघायचं. कोड नका सांगू मला. कशाला परवाना लागतो, कशाला नाय, तेवढं सांगा."

ते मापं वाचत गेले, मी यादी. पहिलं ड्रॉइंग साध्या ओतीव पोलादाच्या व्हॉल्व्हचं होतं. दोनदा ताडून पाहिलं.

"यादीत नाही," मी म्हणालो.

"लिहा तसं त्याच्यावर. पुढचं घ्या."