अडसर पडल्याशिवाय

"ये गं बाई, ये. हे बघ काय आणलंय तुला!"

मामांचा घसा सकाळपासून पार बसला होता, तरी हाका थांबत नव्हत्या. लोखंडी पेटाऱ्याच्या पलीकडच्या तोंडाशी ते कोबीचा गड्डा नाचवत उभे होते. अलीकडे, सरकत्या दाराच्या उंबऱ्यात, बाईसाहेब उभ्या होत्या. बाईसाहेब म्हणजे पाणघोडी. पोटात अन्नाचा कण नाही, डोळे कोबीवर, पण पाऊल उचलायचं नाव नाही.

"संध्याकाळी क्रेन परत जाणार," नगरपालिकेचे साहेब म्हणाले. साहेब बोलायचे तेच मुळी नोटीस लावल्यासारखं. "तत्पूर्वी जनावर स्वतःहून न चढल्यास भूल देण्यात येईल."

मामांनी डॉक्टरबाईंकडे बघितलं. "भूल दिली, तर उठेल ना हो ती?"

डॉक्टरबाईंनी खोटं बोलायचा प्रयत्न केला, पण त्यांना ते जमेना. "वय झालंय तिचं, मामा. भुलीत श्वास अडकला तर माझ्या हातात काही राहत नाही."

मामांनी पुन्हा कोबी उंचावला.

हे प्राणिसंग्रहालय मुळात एका हौशी कारखानदाराची बाग. दोन हरणं, एक शिवराळ पोपट आणि पाहुण्यांवर थुंकणारा उंट, एवढाच पसारा. कारखानदार गेला, बाग नगरपालिकेकडे आली, भिंत उठली, तिकीटखिडकी आली. मग सिंह आला. तो जन्मभर लोकांकडे पाठ करून झोपला. "तिकीट काढून झोप बघायची होय?" बायका नवऱ्यांना म्हणायच्या. "ती तर आमच्या सोफ्यावर रोज असते!" अजगर हलताना कुणी पाहिला नाही. अस्वल शेंगदाण्यांसाठी हात जोडायचं आणि मिळाले की ओळखही दाखवायचं नाही. पण खरी गर्दी हौदाशी. बाईसाहेबांनी जबडा उघडला की कठड्यावरची सगळी पोरं गप्प व्हायची, आणि आपोआप त्यांचेही जबडे उघडायचे. मोठ्यांचेसुद्धा.

आता बाग बंद. सगळी जनावरं दूरच्या नव्या मोकळ्या उद्यानात गेली होती. उरल्या होत्या बाईसाहेब. मामांना तिकडे जागा नव्हती. "तिथे त्यांची माणसं आहेत," एवढ्या एका वाक्यात त्यांचं आयुष्य आटोपलं होतं.

दुपारी मामी डबा घेऊन आल्या. "काय म्हणते तुमची थोरली? जेवली का?" लग्न झाल्यापासून त्या पाणघोडीला थोरलीच म्हणत. 'वास अंगाला तिचा, संसार माझ्याशी,' असं चारचौघांत सांगत. आज मामांनी नुसती मान हलवली. मामींनी डबा उघडलाच नाही. "मग तुम्ही तरी कुठले जेवताय," म्हणून त्या बाजूला बसल्या.

डॉक्टरबाई कठड्याला टेकून विचार करत होत्या. "मामा, रोज ती हौदातून खोलीत येते ना? कशी येते? अगदी पहिल्यापासून सांगा."

"कशी म्हणजे? मी खोलीत चारा टाकतो. बाहेर पडतो. फाटक लावतो, आडवा अडसर टाकतो. खण्ण झालं की येते आपली."

"आणि तुम्ही समोर असताना?"

"समोर असताना? छे! माणूस दिसत असला की ती दारातून मुळीच..."

मामांच्या हातातला कोबी खाली पडला.

त्यांच्या आधीचा रखवालदार, त्यांचा वस्ताद, याच दारात चिरडला गेला होता. बाईसाहेबांना राग नव्हता, भूक होती. वस्ताद मधे होता, एवढंच. त्यानंतर मामांनी हट्टाला पेटून तिला एकच धडा घोटून घोटून शिकवला: माणूस दिसतोय तोवर उभं राहायचं. अडसर पडल्याशिवाय हलायचं नाही. बिचारी शिकली. आणि गेले कित्येक दिवस मामा तिच्या नाकासमोर उभे राहून 'ये, ये' करत होते. जितका वेळ ते उभे, तितकी ती इमानाने उभी.

"मीच हो, मीच अडवलंय तिला," मामा म्हणाले. "उपाशी मारली मी तिला."

"आता ते नको. सगळ्यांनी आडोशाला व्हा!" डॉक्टरबाई ओरडल्या. साहेबांनाही झाडामागे उकिडवं बसावं लागलं. "मामा, ती चढली की मग फटीतून एकदा बघून घ्या तिला."

"नको. मी दिसलो की ती उभी राहील. सगळा प्रवास उभ्याने करेल."

मामांनी कोबी उचलला, पुसला, पेटाऱ्यात आत ठेवला. रोज म्हणायचे तेच म्हणाले, "चला बाईसाहेब, जेवून घ्या." मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि बघितलं. ती उभीच होती, आज्ञाधारक.

ते बाहेर आले. फाटक लावलं. अडसर टाकला. खण्ण.

काहीच नाही. मामींनी तोंडावर पदर धरला. मग ओलं, जड पाऊल वाजलं. दुसरं. पेटाऱ्याच्या तळाच्या फळ्या कण्हल्या आणि आतून कोबी कचाकचा फुटल्याचा आवाज आला. पेटाऱ्याचं दार वरून धाडकन पडलं.

ट्रकचा ड्रायव्हर टाळ्या पिटायला लागला, तशा मामी खेकसल्या, "गप रे मेल्या!"

मामांनी खोबणीतून अडसर उपसला आणि डॉक्टरबाईंच्या हातात दिला. "हा न्या. रोज टाकायला सांगा."

"तिथे बटणावर दारं आहेत, मामा. आवाज होत नाही."

"मग ती उभी राहील हो! कळणार नाही तिला. उपाशी उभी राहील!"

डॉक्टरबाईंनी तो जड अडसर दोन्ही हातांनी उचलून ड्रायव्हरच्या शेजारी ठेवला.

ट्रक निघाला तेव्हा मामा रिकाम्या तिकीटखिडकीमागे दडून बसले होते. घशात खोकला दाटला होता. पण त्यांचा खोकला ती ओळखायची. त्यांनी बाही तोंडात कोंबली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पेटारा खिडकीसमोरून गेला, वळणाआड झाला.

मामींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "गेली. खोका आता."