इंचाला चाळीस आटे

शिलाई मशीन दुरुस्त करायला बाई बसलेली दिसली की नवं गिऱ्हाईक आधी तिच्या मागे कुणी मिस्त्री आहे का ते डोकावून बघायचं. मशीन सुरळीत चालू लागली की तेच गिऱ्हाईक तिला 'मशीनताई' म्हणू लागायचं. ती आणि तिचा दादा हे काम एकाच बाकावर, बाबांच्या हाताखाली शिकले. बाबा गेल्यावर जुनं दुकान दादाकडे राहिलं आणि ताईनं चार गल्ल्या सोडून आपलं छोटं दुकान टाकलं. भांडण नाही, तंटा नाही. मोठ्या कारखानी मशिनी आल्या तर ती माणसाला सरळ दादाकडे धाडायची.

एकच गोष्ट तिच्या जिवाला लागून राहिली होती. बाबांची पत्र्याची पेटी. मशीनच्या बारीक स्क्रूंना आटे पाडायचे टॅप आणि डाय बाबांनी जन्मभर एकेक करून जमवले होते. दुकान आवरताना ती पेटी चुकून भंगारात गेली, असं सांगताना दादाचे डोळे भरून आले होते. तेव्हा ताईनंच त्याची समजूत घातली होती. "जाऊ दे रे, तू काय मुद्दाम केलंस?"

तिच्या वाटणीच्या सामानात बाबांचा एक अर्धवट राहिलेला मिटता चाकू होता. पातं तयार होतं, मुठीच्या दोन्ही पितळी पट्ट्याही तयार होत्या. पातं ज्यावर फिरायचं तो स्क्रू तेवढा नव्हता. यंदा कामं जरा कमी होती, म्हणून तिनं तो पुरा करायचं मनावर घेतलं.

पट्टीतल्या भोकाला आतून आटे होते. तीन मिलिमीटरचा स्क्रू त्यात खुळखुळला, चारचा शिरेचना. मग तिनं मऊ लाकडाची काडी तासून भोकात हळूच पिळली. लाकडावर आट्यांचे वळ उठले, त्यांवर आटे मोजायच्या दातेरी गेजची एकेक पाती टेकवून पाहिली. चाळीसची पाती चपखल बसली. इंचाला चाळीस आटे, म्हणजे मशीनचंच माप. ती स्वतःशीच हसली. बाबांना दुसरं काय सुचणार? पण मशीनचे तयार स्क्रू सगळे आखूड निघाले. चाकूला मधे गुळगुळीत आणि फक्त टोकाला आटे असलेला लांब स्क्रू हवा होता. तो घरीच करावा लागणार, आणि सळईवर आटे पाडायला डाय हवी.

हत्यारांच्या बाजारात तिनं दुकानामागून दुकान पालथं घातलं. शेवटी एका म्हाताऱ्या धारवाल्यानं काडी डोळ्यांजवळ धरली.

"विकत नाही मिळायची, ताई. पण पुलाजवळच्या मशीनवाल्याकडे आहे. परवाच टॅपना धार लावून नेली. पत्र्याची जुनी पेटी, झाकणाला तारेची कडी."

कडी मोडली तेव्हा ती तार बाबांनी तिच्याकडूनच वळवून घेतली होती. आणि पुलाजवळचं दुकान दादाचं.

ती तशीच तिकडे गेली. दादा एका मशीनला तेल घालत होता.

"बाबांची पेटी काढ," ती म्हणाली.

"कुठली पेटी?"

"धार लावून आणलीस ती."

तो तेल घालतच राहिला. आतून चहा घेऊन आलेली वहिनी दारातच थबकली आणि म्हणाली, "द्या ना आता. मी तेव्हापासून सांगतेय."

म्हणजे वहिनीलाही ठाऊक होतं. दर सुट्टीला एकत्र जेवायला बसणाऱ्या या घरात न कळलेली ती एकटीच.

"तुझा हात माझ्यापेक्षा साफ," दादा पुटपुटला. "पेटीही तुझ्याकडे गेली असती, तर माझ्या दारात कोण आलं असतं?"

"मागितली असतीस तर 'तुझ्याकडेच ठेव' म्हटलं असतं."

"हे आता म्हणतेस."

हे वाक्य तिला पेटीपेक्षा जास्त लागलं. "आणि ते रडणं? तेही खोटं?"

"रडू खरंच आलं होतं," तो म्हणाला.

त्यानं फळीमागून पेटी काढून तिच्यापुढे सरकवली. तिनं डाय निवडली, त्याच्याच शिकंज्यात पोलादी सळई पकडली आणि तेलाचा थेंब सोडत आटे पाडले. अर्धा फेरा पुढे, जरा मागे, बाबांनी दोघांना शिकवलं तसंच. मग डाय पुसून जागेवर ठेवली.

"घेऊन जा पेटी," दादा म्हणाला.

"नको." नेली असती तर सगळं फिटलं असं झालं असतं, आणि ते तिला नको होतं. चहा तसाच निवून गेला.

चाकू छान झाला. पातं अलगद उघडायचं, अलगद मिटायचं. तिनं तो कपाटात ठेवून दिला. हातात घ्यावासा वाटेना. कारखानी मशीन घेऊन कुणी आलं तर ती आता "बघा कुठे होतं का" एवढंच म्हणायची.

मग एक दिवस दादाच एक मशीन उचलून तिच्या दारात आला. टाका सुटत होता, त्याला कारण सापडत नव्हतं.

ताईनं चाक फिरवून पाहिलं. "ठेवा तिथे," ती म्हणाली. "उद्या दुपारनंतर घेऊन जा तुम्ही."

जन्मात पहिल्यांदा तिनं त्याला 'तुम्ही' म्हटलं होतं. मग तो मशीन बाकावर ठेवून, इतर गिऱ्हाइकांसारखाच, कधी मिळेल ते पुन्हा एकदा विचारून निघून गेला.