रगडा

भाऊ लष्करात गेला, दोन वर्षांनी मी नौदलात. तेव्हापासून आमचं एकच भांडण: कोणाचं ट्रेनिंग जास्त कडक.

पेणच्या मैदानावर धावून धावून भाऊ भरती झाला. आम्ही त्याला रोह्याला गाडीत बसवून आलो. फोन फक्त रविवारी मिळायचा. पहिल्याच रविवारी तो म्हणाला, "आज चार तास रगडा मिळाला."

फौजेत रगडा म्हणजे शिक्षा. खडीवर कोलांट्या, कोपरांवर सरपटणं, बेडूकउड्या. आमच्या खांब गावी घरात आई फोन स्पीकरवर ठेवून भाकऱ्या थापत होती. ती खूश झाली. "रगडा देतात? मंग पॅटिस पण असंल!" आळीभर सांगून आली. फोनवर भाऊ आणि इकडे मी, दोघं पोट धरून हसलो आणि तिची चूक काही सुधारली नाही.

पुढे माझं ट्रेनिंग सुरू झालं. "तुमची काय, सहल," भाऊ म्हणायचा. मला असा राग यायचा! पहाटेची शिट्टी तीच, बुटांची चकाकी तीच, रगडाही तोच. पण त्याला घाबरवायची ती जमीन, खोल खड्ड्यावरच्या उड्या आणि दोर. मला घाबरवायचं पाणी, आणि हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. पोहता येतं का, या रकान्यात मी बिनधास्त 'हो' लिहिलं होतं. कोकणातली म्हटल्यावर सगळे गृहीतच धरतात. पण आम्ही भातशेतीवाले. माझं पोहणं म्हणजे कालव्यात कंबरभर पाण्यात गोधड्या धुणं.

पोहण्याच्या परीक्षेत उंच फळीवरून तलावात उडी मारून पलीकडे जायचं होतं. पहिल्या वेळी मी शिडीवरून परत उतरले. दुसऱ्या वेळी उडी मारली, पण बांबू धरून बाहेर काढावं लागलं. तिसरी परीक्षा सोमवारी होती. त्यात नापास झाले असते तर बहुतेक घरीच आले असते.

रविवारी आईने विचारलं, "काय जेवलीस गो?"

"रगडा," मी म्हटलं. या वेळी हसले नाही. पलीकडे भाकरी थापायचा आवाज थांबला.

"कसली भीती वाटते, ते सांग."

"तुला माहितीये रगडा म्हणजे काय?"

"भावाची कोपरं बघितली ना पयल्या सुट्टीला. पॅटिस खाऊन सोलतात काय कोपरं?"

"मग आळीत अजून का सांगतेस?"

"तुमी हसता ना. हसतायत तवर टिकतील, असं वाटायचं मला."

मी सगळं सांगून टाकलं. रकाना, शिडी, बांबू.

"नाय जमलं तर ये. दार काय बंद नाय. पण उडी मारून ये गो, शिडी उतरून नको."

सोमवारी माझ्या पुढे तिघी होत्या. एकेक करून तिघींनी उड्या मारल्या. फळीच्या टोकाला पोचले, खाली पाहिलं आणि उडी मारली. नाकातोंडात पाणी गेलं. पोहणं कसलं, हातपाय झोडत होते नुसती. तरी हाताला पलीकडची कड लागली. प्रशिक्षकांनी वहीत टिक केली आणि पुढचीला बोलावलं.

पुढच्या रविवारी आईचा तोच प्रश्न. "रगडा," मी म्हटलं, "पोटभर. पास झाले."

"ऐकलं का गो," ती शेजारणीला ओरडली, "पोरीला रगडा मिळाला!" आणि तिला रडू फुटलं. मीही रडत होते. पण तिला खांबपर्यंत ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्यानं हसले.