मायचं उणे उत्तर

माय आमच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. लेकरांना घरून आणणं, खिचडी शिजवणं, खोली झाडणं हे तिचं काम. सेविकाबाई लवकरच निवृत्त होणार होत्या आणि त्या जागेसाठी दहावी पास लागत होती. माय लग्नाआधी दहावीला बसली होती, पण गणितात राहिली आणि पुढे ते तसंच राहून गेलं. त्या वर्षी तिने बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. मी भंडाऱ्याला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. साहजिकच तिला गणित शिकवायचं काम माझ्याकडे आलं.

बाकीचे विषय ती स्वतःच वाचायची. भूमितीही जमत होती. अडायचं ते एका अव्यक्त संख्येच्या समीकरणापाशी.

मी पाटीवर लिहिलं : ५x + ३ = २x + १५. शाळेत शिकलो होतो तसंच सांगितलं, एक्सवाले एका बाजूला न्यायचे, आकडे दुसऱ्या बाजूला. तिने नेले. सात एक्स बरोबर अठरा. भाग जाईना.

"चिन्ह बदललं नाही तू," मी म्हटलं. "अधिक तीन तिकडे गेले की उणे तीन होतात."

"काहून?"

"तसा नियमच आहे."

"या बांधीतले धानाचे पऱ्हे उपटून त्या बांधीत लावले तं पऱ्हेच रायते न. त्याचं काही दुसरं होत नाही." ती चिडून बोलत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

बाबा दारात विळ्याला धार लावत होते. "मास्तर, बरोबर बोलून राहिली ते," ते म्हणाले. "सांगा आता."

बारावीला मला गणितात चांगले गुण होते, पण 'काहून' असं मी कधी विचारलंच नव्हतं. मी परत नियमच सांगितला. तिने मान हलवली आणि पुढच्या उदाहरणात तीच चूक केली.

पुढच्या आठवड्यात उन्हाळी धानाची रोवणी आली. तलावाच्या पाण्यावर आमच्या थोड्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, हे पीक होई. माय आणि मी चिखलात वाकून रोपं लावत होतो आणि बाबा पऱ्ह्यांच्या पेंड्या कावडीत घेऊन धुऱ्याच्या बांधावरून येत होते. कावड खांद्यावरून न उतरवता ते एक पेंडी पुढच्या टोकाची काढून आमच्याकडे फेकत, मग एक मागच्या टोकाची. हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. त्या दिवशी मात्र हातातलं रोप हातातच राहिलं.

"माय, बाबानं एकाच बाजूच्या काढल्या तं?"

"कावड कलते न."

"तसंच आहे ते. ते तीन पलीकडे जातच नाहीत. आपण ते इकडून काढून टाकतो. मग तिकडूनबी तीन काढा लागते, नाही तं कावड कलते. तिकडं जे उणे तीन दिसतात, ते हे काढलेले."

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मंग पलीकडे नेलं असं काहून म्हणते पुस्तकात?"

"मले नाही माहीत," मी म्हटलं. मला हे आत्ताच कळलं होतं, हे मात्र सांगितलं नाही.

त्यानंतर ती समीकरणं सोडवू लागली. प्रत्येक ओळीत दोन्ही बाजूंनी काय काढलं ते लिहायची. त्यात वेळ जायचा, पण उत्तर बरोबर यायचं. मला वाटलं, झालं आता. मग ४x + ९ = x + ३ आलं. तिने सगळं नीट केलं आणि शेवटी फक्त दोन लिहिलं. दोनच्या आधीचं उणे तिने पुसून टाकलं होतं.

"उणे दोन पेंड्या कोणाच्या कावडीत अस्ते?" ती म्हणाली. "माझंच चुकलं असन."

इथे कावड माझ्या कामाची नव्हती. मी म्हटलं, "उत्तर कसं दिसते ते नको पाहू. एक्सच्या जागी टाकून पाह्य."

तिने दोन टाकले. एका बाजूला सतरा, दुसऱ्या बाजूला पाच. मग उणे दोन टाकले. इकडे एक, तिकडेही एक.

"बसते खरं," ती म्हणाली. "पण मले पटत नाही."

मला तरी ते पुरतं कुठे पटलं होतं? पण तसं म्हणायला मी कचरलो. परीक्षेत ती पुन्हा उणे पुसेल, ही भीती माझ्या मनात राहिली.

मायचं केंद्र मोहाडीला होतं. गणिताच्या पेपरला मी सायकलवर तिला नेलं आणि शाळेच्या फाटकासमोर कडुनिंबाखाली थांबलो. निकालात ती पास झाली, सेविकाही झाली, पण मला आठवतो तो तिचा बाहेर येतानाचा चेहरा. पोरापोरींच्या घोळक्यात ती एकटीच लुगड्यात होती. जवळ येऊन तिने आधी पाणी मागितलं.

"उणे आलं होतं एका ठिकाणी," पाणी पिऊन ती म्हणाली.

"मग?"

"पुसाले रबर घेतलं होतं हातात. मंग टाकून पाह्यलं. दोन्हीकडं सारखं आलं." तिने पदराने तोंड पुसलं. "मंग राहू देलं तसंच."