बंबाचं हेड

आमच्या मिस्त्रींना घेऊन पाहुण्यांकडे जायचं म्हटलं की मला धाकधूक असते. तांब्यातलं पाणी पिऊन झालं की हे बोट आत घालून तांब्याचा गळा चाचपतात. नळ दिसला की तोटीत बोट. लग्नानंतर पहिल्यांदा हे माझ्या माहेरी नायगावला गेले, तर वडिलांच्या हातातला नवा कंदील घेतला, काच काढली, डोळे मिटून आतून बोट फिरवलं आणि म्हणाले, "मामा, ह्याला हवा कमी पडून राहिली." वडिलांनी मान डोलवली, आत आले आणि आईला हळूच विचारलं, "पोरगी कुठं देऊन बसलो आपण?"

माझ्या यजमानांचं नाव लिंबाजी, पण मी धरून सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणतात. नांदेडला गफूर उस्तादांच्या गॅरेजात ते शिकले. तिथली बोलीही त्यांना चिकटली ती लातूरला येऊनही सुटली नाही. एका जागी बसून एक कप चहा संपवलेला मी त्यांना कधी पाहिला नाही. चालत्या गाडीला खीळ घालणारे लोक जगात पुष्कळ. आमचे मिस्त्री चालत्या गाडीचं हेड काढतात.

हेड म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर बसणारा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, जड ठोकळा. हवा-पेट्रोल आत जायच्या आणि धूर बाहेर पडायच्या वाटा त्याच्या पोटातून जातात. मिस्त्री लोक त्यांना पोर्ट म्हणतात. कारखान्यात ओतताना या वाटा खरबरीत राहतात, कुठं गाठ येते, कुठं पायरी. त्या आतून घासून नितळ केल्या की इंजिन मोकळा श्वास घेतं आणि जास्त ओढतं. फक्त एक भानगड आहे. त्याच ठोकळ्यात, पोर्टच्या पाठीला पाठ लावून, इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरत असतं. मध्ये भिंत असते पातळ. म्हणून उस्तादांचा एकच धडा होता, "रस्ता बडा नक्को कर, साफ कर." मिस्त्रींना तो पाठ होता. पण पाठ असणं वेगळं आणि हात थांबणं वेगळं.

लातूर वेगळा जिल्हा झाला आणि त्याच साली पावसानं तोंड फिरवलं. पुढच्या उन्हाळ्यात टँकर सुरू झाले. सासूबाई, म्हणजे सरजाबाई, माळेवाडीला राहायच्या, रेणापूरच्या पलीकडे. गाव खाली, आमची बौद्ध वस्ती वर माळावर, मध्ये मुरमाचा उभा चढ. टँकर यायचा तो गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा. वस्तीतल्या बायांनी कठड्याखाली घागरी मांडून उभं राहायचं आणि गावातलं कोणी मोकळं झालं की त्यानं वरून पाणी ओतायचं, अशी तिथली रीत. लेकराबाळांच्या बाया नाइलाजानं जायच्या. सासूबाई जायच्या नाहीत. छप्पन सालानंतर दीक्षा घेतली त्या दिवसापासून त्यांनी ते सोडलं होतं.

"माझ्या हातानं भरीन. न्हाई तर नगं," एवढंच त्यांचं म्हणणं.

हे म्हणायला छान आहे, पण त्यासाठी त्या वयात नदीच्या कोरड्या पात्रात जाऊन झिरा उकरावा लागायचा. वाळूत खड्डा करायचा, पाणी पाझरायची वाट बघायची, वाटी वाटीनं घागर भरायची आणि ती डोक्यावर घेऊन माळ चढायचा. लातूरला चला म्हटलं तर म्हणायच्या, "मी गेल्यावर हितं कोण ऱ्हाईल न जाता?" म्हणजे विहिरीवर न जाता. त्यांचा राग मी समजू शकत होते, कारण मलाही तो भरपूर आहे.

नवीन जिल्ह्याचं एक बरं झालं. आधी गाऱ्हाणं घेऊन उस्मानाबाद गाठावं लागायचं, त्यात दिवस मोडायचा. आता मी आणि वस्तीतल्या चार बाया लातूरच्या कचेरीत जाऊन बसलो. साहेब भला होता. जीप घेऊन आला, वस्तीत हौद बांधून दिला आणि हुकूम केला की टँकरची एक खेप वर गेलीच पाहिजे. साहेबाचा हुकूम सगळ्यांनी मानला, फक्त गाडीनं मानला नाही. हौद कोरडा राहिला. पोरं त्यात गोट्या खेळायची.

ती गाडी म्हणजे आग विझवायचा एक जुना बंब होता. सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, सहाही एका रांगेत. लातूरच्या धोंडप्पांनी तो कुठल्याशा लिलावात घेतला आणि मागं टाकी बसवून टँकर केला. लाल रंग तसाच. भरल्या टाकीनं तो अर्ध्या चढावर धापा टाकायचा आणि ड्रायव्हर व्यंकटराव ब्रेकवर उभा राहून त्याला मागं आणायचा. सरपंच शेषेराव गोड बोलणारा माणूस. म्हणायचा, "आमचं कायबी न्हाई बाई. गाडीच चढत न्हाई, त्याला कोन काय करील?" आणि ते खरंच होतं. खोटं असतं तर मी तोंड वाजवून आले असते. खऱ्याशी भांडायचं कसं? मला तर रात्रंदिवस त्या बंबाचाच राग यायचा.

मिस्त्रींचं त्याहून वाईट. ते जेवताना उठायचे, बोलता बोलता गप्प व्हायचे, बसल्या जागी बोटानं हवेत वळणं काढायचे. त्यात झिऱ्यावर सासूबाईंचा पाय मुरगळला आणि आम्ही दोघं माळेवाडीला राहायला गेलो. बंबाचा गिअरबॉक्स तेव्हाच बिघडून गाडी गॅरेजात पडली होती. मिस्त्री धोंडप्पांना म्हणाले, "तेवढ्यात हेड देता का मला? चढ चढवून दाखवतो." धोंडप्पा म्हणाले, "मोडलंस म्हंजी?" मिस्त्री म्हणाले, "मोडलं तर आत्ता तरी कुठं चढून राहिली?" धोंडप्पांनी हेड काढून घेऊ दिलं. ते हेड एसटीच्या टपावर दोरानं बांधून आलं. गावात सगळे बघत होते. मी लाजून मागं मागं चालत होते.

मग सासूबाईंच्या दारात, लिंबाखाली, ते काम सुरू झालं. हातानं फिरवायचं ड्रिल, त्याला लावलेले बोटाएवढे घासणीचे दगड, अर्धगोल कानस, काडीला गुंडाळलेला पॉलिश पेपर. सकाळपासून खर्र खर्र. वस्तीतली म्हातारी माणसं येऊन बसायची, तंबाखू मळायची आणि विचारायची, "काय दिसून राहिलं का आत, लिंबाजी?" मी झिऱ्यावर जायचे, यायचे, तरी खर्र खर्र चालूच. एके दिवशी त्यांनी माझी मळलेली कणीक मागितली. बाकी दिवस भाकरीच. पोळ्यांचा बेत किती दिवसांनी जमला होता! पोर्टला आतून तेल लावून त्यांनी ती कणीक ठासली, अलगद ओढून काढली आणि तिचा आकार उन्हात धरून बघत बसले. आतली वाट त्यांना अशी बाहेर काढून बघायची असायची. दर पोर्टाला पुन्हा तेच. त्या कणकेच्या पोळ्या केल्या तर सासूबाई एक घास खाऊन म्हणाल्या, "पंचशीले, आज बंब शिजीवलास का काय?"

शेवटच्या दिवशी मी झिऱ्यावरून आले. सासूबाईंनी लंगडत झिऱ्यावर येऊन वाटीनं घागर भरून दिली होती. घागर उतरंडीला टेकवून मी पदरानं तोंड पुसत होते. मिस्त्री उठले, घागर उचलली, हेडापर्यंत नेली. तिथं थोडा वेळ उभे राहिले आणि होती तशी आणून परत ठेवली. तहान लागली असेल म्हणून मी तांब्या पुढे केला. नको म्हणाले.

हेड लातूरला जाऊन बंबावर बसलं. मिस्त्रींनी रेडिएटर भरून गाडी गॅरेजातच चालवून पाहिली. आवाजच बदलला होता म्हणे. व्यंकटराव सांगत आला की रस्त्यावर बंब असा पळतो की हाताला लागत नाही. ही बातमी शेषेरावाच्या कानावर गेली तेव्हा तो ग्रामसेवकासमोर मला म्हणाला, "गाडी वर पोचली तर चावी घेऊन मी सोता वर येतो. खाली राहिली तर मग विहीर हायच." चावी म्हणजे टाकीची. वाटेतली गावं टँकर अडवून पाणी काढून घ्यायची, म्हणून टाकीच्या झाकणाला आणि तोटीला कुलूप असे आणि चावी सरपंचाकडे. चार माणसांत तो हे बोलला. मला तेवढंच हवं होतं. पण गाडी आता चढली नाही, तर वस्तीनं पुन्हा कधी हौदाचं नाव काढायचं नाही, असाही त्याचा अर्थ झाला.

दुपारी बंब आला. वस्ती झाडून चढावर उभी. गावही खाली जमलं. व्यंकटराव चालवत होता, मिस्त्री बाजूला पायरीवर उभे राहून बॉनेटला कान लावत होते. बंब चढायला लागला. जिथं तो रोज धापा टाकायचा ती जागा ओलांडली. कोणीतरी "जय भीम" ओरडलं. पोरं पुढं पळाली. आणि हौद समोर दिसत असताना, दोन घरांचं अंतर राहिलेलं असताना, मागच्या नळीतून पांढरा धूर निघाला. इंजिन अडखळलं, रेडिएटरनं वाफ सोडली आणि बंब थांबला.

पोरांनी धावत जाऊन चाकांमागं दगड लावले. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. वाफ बसेपर्यंत त्यांना उभं राहवेना. ते गाडीभोवती फिरत होते, हात झटकत होते.

"भिंत फुटली आतली," ते म्हणाले. "पोर्टमधून पाणी इंजिनात जाऊन राहिलं. एक सिलिंडर गेलं. पाचावर जाईल, पण रेडिएटर कोरडा झालाय. घागरभर पाणी पायजे."

मागं टाकी काठोकाठ भरलेली. आत पाणी डचमळतंय ते ऐकू येत होतं. झाकणाला कुलूप, तोटीला कुलूप, आणि चावी चढाखाली शेषेरावाच्या खिशात. खालून त्याचा आवाज आला, "व्यंकटराव, येऊ द्या मागं हळूहळू! आपली विहीर हाय की!"

व्यंकटरावानं मिस्त्रींकडे पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता. भरली गाडी उतारावर अशी किती वेळ धरणार? मला मात्र संताप आवरेना. मी सगळ्यांदेखत नवऱ्यावर ओरडले, "एवढे दिवस घासत बसलात, गळतंय का ते बघायचं नाही व्हय?"

"बघतात," ते म्हणाले. "हेड उपडं करून पाणी भरून ठेवायचं. गळती असली तर कळते. घागरभर लागतं." मग आईकडे न बघता म्हणाले, "मायनं वाटीनं भरलेलं. ते मी लोखंडात कसं ओतू?"

उतरंडीजवळून नेलेली आणि परत ठेवलेली ती घागर तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आली. माझा राग कुठं गेला कळलं नाही. रडूच आलं.

सासूबाई वळल्या आणि लंगडत घरी गेल्या. मला वाटलं, झालं, आता म्हातारी दार लावून बसणार. तर त्या घागर घेऊन आल्या, आज सकाळी आणलेली, अजून तोंड न लावलेली. मी घ्यायला पुढं झाले तर हात झटकला.

"कुठं वतायचं?" त्यांनी लेकाला विचारलं.

"माय, नको."

"कुठं वतायचं सांग."

मिस्त्रींनी व्यंकटरावाला इंजिन चालू करायला लावलं आणि रेडिएटरचं तोंड उघडलं. "हळू लागतं. तापलेलं हाय. बारीक धार धर, न्हाई तर बीड तडकंल."

बारीक धार धरायला सरजाबाईंना शिकवायचं? उभा उन्हाळा वाटीनं पाणी भरलेली बाई ती. करंगळीएवढी धार, ना तुटली ना जाड झाली. घागर रिती झाली तेव्हा त्यांनी ती उपडी करून शेवटचा थेंबही आत सोडला. "पी बाबा," म्हणाल्या, "आन् चल."

मग आम्ही सगळ्यांनी मागून खांदा लावला. मी, शेजारची चतुराबाई, तंबाखू मळणारे म्हातारे, सगळे. बंब पाच सिलिंडरवर खोकत, वाफ सोडत, गोगलगायीच्या गतीनं सरकत हौदाशी येऊन टेकला आणि तिथं पुरता मेला. पण टेकला होता. चार माणसांत दिलेला शब्द शेषेरावाला गिळता येईना. तो चढ चढून आला, घामाघूम, आणि स्वतःच्या हातानं कुलूप काढलं. त्यानंतर वर येणाऱ्या कुठल्याही गाडीला "चढत न्हाई" म्हणायची सोय राहिली नाही. चढलेली सगळ्यांनी पाहिली होती.

हौदात पाणी पडायला लागलं. बाया घागरी घेऊन धावल्या, हसत होत्या, एकमेकींच्या अंगावर उडवत होत्या. मिस्त्री एकटेच तिथं नव्हते. बंबाच्या पुढं बसून त्यांनी हेडाचे नट ढिले करायला घेतले होते. आनंदाचा दिवस, आणि यांना धीर नाही! मी बोलवायला निघाले, तेवढ्यात सासूबाई हौदावरून आल्या. स्वतःच्या हातानं भरलेली घागर कडेवर होती. ती त्यांनी लेकापुढे मुरमात टेकवली.

"घे," म्हणाल्या. "आता भरून बघ, कुठं गळतंय ते."